नव्या देशात ग्लूटेनशिवाय राहायचं आहे: काय तयारी करून जाऊ?

पाऊलवाट

नमस्कार. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, असा आजार. मुलगी नऊ वर्षांची आहे. वजन वाढत नव्हतं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नव्हतं, पोट सतत फुगलेलं. म्हणून तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं. त्यानंतर घराची घडी हळूहळू बसली. कुठलं पीठ कुणाकडून आणायचं, कुणाकडे बिनघोर जेवायचं, कुठे आपला डबा घेऊन जायचं, हे आता ठरून गेलंय. तिची तब्येतही छान सुधारली.

आता नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दुसऱ्या देशात चाललोय. घर, शाळा, कागदपत्रं यांचं काही ना काही होईल, पण उतरल्या दिवसापासून तिला काय खायला घालायचं या विचाराने झोप लागत नाही. तिथली भाषा आम्हा कुणालाच येत नाही. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण काही वर्षांनी तिथूनही हलावं लागणार आहे. एका देशातल्या दुकानांची यादी मिळवण्यापेक्षा कुठेही गेलो तरी उपयोगी पडेल असं शिकून घ्यायचं आहे.

कुठून सुरुवात करू? डॉक्टरांकडून काय लिहून घेऊ? लेबल वाचताच येत नसेल तर काय करायचं? शाळेला काय सांगायचं? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कितीही लांब असलं तरी वाचेन.

दवबिंदू

पाऊलवाट, आधी पहिल्या आठवड्याचं सांगते, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.

पहिले काही दिवस पाकिटातलं काहीही शोधू नका. तांदूळ, बटाटे, रताळी, अंडी, साध्या डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, दूध, साधं दही, बिनमसाल्याचे मासे-मांस, तेल, मीठ. हे जगात जवळपास कुठेही मिळतं आणि यात मुळातच ग्लूटेन नसतं. एवढ्यावर आठवडाभर मूल पोटभर आणि चांगलं जेवतं. डाळी-कडधान्यं घरी निवडून, धुऊन घ्या, कारण त्यांत गव्हाचे दाणे निघतात. खरंच निघतात, पांढऱ्या ताटलीत पसरून बघा.

सामानात एक पातेलं, एक चाळणी, लाकडी चमचा आणि भाजी चिरायची फळी नवी कोरी घेऊन जा. तिकडचं घर भांड्यांसकट मिळालं, तर आधीच्या माणसाची चाळणी आणि लाकडी चमचे वापरायची वेळ येणार नाही. स्टीलची, काचेची भांडी साबणाने नीट घासली की चालतात.

विमानात ग्लूटेन नसलेलं जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. विमान कंपन्यांत त्याचा संकेत जीएफएमएल असा आहे. तिकीट काढताना सांगितलं असलं, तरी निघण्याआधी दोन दिवस पुन्हा विचारा. विमान बदललं किंवा तारीख पुढे गेली, तर ही नोंद बऱ्याचदा नव्या तिकिटावर येत नाही. आणि तरीही तिच्या पाठपिशवीत पूर्ण प्रवास निघेल एवढं कोरडं खाणं असू द्या. फळं आणि घरचं शिजवलेलं अन्न काही देशांत विमानतळावर काढून घेतात, म्हणून उतरण्याआधी ते संपवायचं आणि बंद पाकिटातलं मागे ठेवायचं.

काळी शाई

माझ्या नवऱ्याला सिलिअ‍ॅक आहे आणि आम्ही वेगवेगळ्या देशांत राहिलोय. माझं म्हणणं एकच: नव्या देशात गेल्यावर आधी पदार्थ शोधू नका, आधी तिथला लेबलचा कायदा समजून घ्या. घटकांची यादी सगळीकडे सारखीच दिसते, पण त्या यादीत काय लिहायलाच लागतं आणि काय नाही लिहिलं तरी चालतं, हे देशागणिक वेगळं असतं. पाकिटावर जे छापलेलं नाही त्याचा अर्थ कायदा कळल्याशिवाय लागत नाही.

युरोपीय संघात 2011 सालचा खाद्यमाहितीचा नियम आहे (क्रमांक 1169). गहू, राय, बार्ली, ओट्स यांपैकी काहीही घातलं असेल, तर घटकांच्या यादीत त्या धान्याचं नाव उठून दिसेल असं छापावं लागतं, बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरांत. त्यामुळे भाषा येत नसली तरी डोळा आधी ठळक शब्दांवर न्यायचा. सुट्या विकल्या जाणाऱ्या पदार्थांची आणि हॉटेलातल्या जेवणाचीही ही माहिती द्यावी लागते. विचारायला अजिबात संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथल्या 2004 च्या अ‍ॅलर्जी-लेबल कायद्यात गहू आहे, पण बार्ली आणि राय नाहीत. म्हणजे यादीखाली ‘यात आहे: दूध, सोया’ एवढंच छापलेलं असेल, तर त्याने फक्त गहू नाही हे कळतं. बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) त्यात असू शकतं आणि ते त्या ओळीत येणार नाही. ते वर यादीत ‘माल्ट’ किंवा ‘माल्टचा अर्क’ म्हणून शोधावं लागतं. मक्याच्या कुरकुरीत पोह्यांसारखी सकाळची न्याहारी हे याचं नेहमीचं उदाहरण. मका बघून निर्धास्त पाकीट उचलायचं आणि आत चवीसाठी बार्लीचं माल्ट. तिथे ‘ग्लूटेन-फ्री’ हे शब्द छापायचे की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आहे, पण छापले तर अन्न व औषध प्रशासनाचा 2013 चा नियम पाळावा लागतो.

कॅनडात 2012 पासून बार्ली, राय, ओट्स, गहू या सगळ्यांची नावं लिहावी लागतात. शेजारचा देश, बऱ्याचशा त्याच कंपन्या, पण लेबलं वेगळी! म्हणून एका देशात खात्रीचं असलेलं पाकीट दुसऱ्या देशात दिसलं, तरी पुन्हा वाचा. त्याच नावाच्या पदार्थाची कृती देशागणिक बदलते.

ब्राझीलमध्ये पाकिटबंद खाण्यावर ग्लूटेन आहे किंवा नाही यातलं एक लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अर्जेंटिनात ‘सिन टाक’ असं लिहिलेलं असतं. गहू, ओट्स, बार्ली आणि राय यांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं घेतली आहेत, म्हणजे हे चारही नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक: चाचणीत ग्लूटेन सापडताच कामा नये, आणि ओट्स घातलेल्या पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिताच येत नाही.

हे मोठं वाटतं, पण प्रत्यक्षात एका देशासाठी दोनच प्रश्नांची उत्तरं शोधायची. बार्ली आणि राय लिहायला लागतात का? आणि ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला मर्यादा किती? त्या देशातल्या सिलिअ‍ॅक संघटनेच्या संकेतस्थळावर दोन्ही मिळतं. बऱ्याच देशांत अशी संघटना असते. युरोपातल्या संघटनांनी मिळून कापलेल्या कणसाचं चिन्ह चालवलंय. गोलात कणीस आणि त्यावर आडवी रेघ. परवाना क्रमांकासकट ते छापलेलं दिसलं की तो माल तपासलेला असतो.

उंबरठा

काळी शाई, अप्रतिम प्रतिसाद. मर्यादा किती म्हणजे नेमकं काय? 20 पीपीएम सगळीकडे वाचते, पण ते शून्य का नाही, ही शंका मनातून जात नाही.

मृद्गंध

मी आहारतज्ज्ञ आहे, सिलिअ‍ॅकची मुलं-मोठी माणसं नेहमी बघते, म्हणून यावर लिहिते.

20 पीपीएम म्हणजे एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅम ग्लूटेन. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्यमानकाने 2008 च्या सुधारणेत ही मर्यादा ठेवली आणि बऱ्याच देशांनी ती घेतली. हिशेब करून बघा: तुमच्या मुलीने या मर्यादेला टेकलेला शंभर ग्रॅम पाव खाल्ला, तर पोटात 2 मिलिग्रॅम जाईल. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा दिसली होती. रोजचं 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं, तर बहुतेकांना ते सोसतं असं आज मानलं जातं. म्हणजे 20 पीपीएममध्ये दिवसभराच्या खाण्यासाठी पुरेशी जागा सोडलेली आहे. उलट साध्या पावाचा बारीकसा तुकडा घ्या. त्यात सहज शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लूटेन असतं. ताटात पडलेला चुरा आणि प्रमाणित पाकीट यांची तुलनाच होत नाही. काळजी चुऱ्याची करा.

युरोपात ‘अतिशय कमी ग्लूटेन’ असाही वेगळा प्रकार आहे, 100 पीपीएमपर्यंतचा. तो आणि ‘ग्लूटेन-फ्री’ एक नाही, तो टाळा.

नव्याने गेलेल्यांना दचकवणारी आणखी एक गोष्ट तिथे दिसते. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ आणि घटकांत ‘गव्हाचा स्टार्च’. हे खोटं नाही. धुऊन प्रथिन काढून टाकलेला स्टार्च असतो आणि तयार माल 20 पीपीएमच्या आत असल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. सिलिअ‍ॅक असणाऱ्याला तो चालतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला मात्र अजिबात चालत नाही, कारण तो आजार वेगळा आहे. गव्हापासून केलेलं ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन यांनाही घाबरू नका, प्रक्रियेत ग्लूटेन जवळपास उरत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन आणि माल्ट ही नावं सारखी वाटतात, पण माल्ट टाळायचंच.

पाऊलवाट, डॉक्टरांच्या कागदांबद्दल. तपासण्यांचे सगळे मूळ अहवाल घ्या: टीटीजी अँटिबॉडी आणि एकूण आयजीए (या आजारासाठीच्या रक्तचाचण्या), बायोप्सी (आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून केलेली तपासणी) झाली असेल तर तिचा अहवाल, आणि आत्ताची टीटीजी. ही शेवटची फार महत्त्वाची. निघण्याआधी एकदा करून घ्या, म्हणजे तिकडे गेल्यावर आकडा वाढला तर नव्या खाण्यात कुठेतरी ग्लूटेन येतंय हे लगेच कळेल. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), ड जीवनसत्त्व, बी-12, उंची-वजनाचा तक्ता. डॉक्टरांचं पत्र नव्या देशाच्या भाषेत भाषांतर करून शिक्क्यासकट ठेवा. इटलीत निदान झालेल्यांना सरकारी आरोग्यसेवेकडून ग्लूटेनविरहित खाण्यासाठी दरमहा ठरावीक मदत मिळते, इंग्लंडमध्ये काही भागांत पाव आणि पिठाची मिश्रणं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, कॅनडात जादा खर्चाचा काही भाग कराच्या हिशेबात वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो. असं काहीही मिळवायचं तर निदानाचा पुरावा लागतो. तो नसेल आणि मुलगी आधीच ग्लूटेनशिवाय खात असेल, तर नवे डॉक्टर पुन्हा ग्लूटेन खायला घालून तपासू म्हणतील. ती वेळ लेकरावर आणू नये.

रातराणी

मृद्गंध, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून विचारते. मला निदान असं झालेलं नाही. गहू खाल्ला की पोट दुखतं, सोडला की बरं वाटतं. पुढच्या महिन्यात मीही बाहेर जातेय. गहू सोडून देऊनच जावं असा विचार होता. तपासणीची गरज आहे का?

मृद्गंध

आहे, आणि गहू सोडण्याआधी. टीटीजी चाचणी आणि बायोप्सी दोन्ही ग्लूटेन पोटात जात असतानाच खरं सांगतात. सोडून काही महिने झाले की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येतं आणि चाचणी ‘काही नाही’ म्हणते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीच्या आधी निदान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात ग्लूटेन असायला हवं. तुम्ही अजून खाताय, तर याच आठवड्यात रक्त द्या. नव्या देशात विमा, डॉक्टरांची वेळ, भाषा हे सगळं लागेपर्यंत महिने जातात, आणि तोपर्यंत तुम्ही सोडलेलं असेल.

सिलिअ‍ॅक निघालं तर ते आयुष्यभराचं, आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करायला हवी, कारण जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला ते असू शकतं. नाही निघालं तर कदाचित त्रास गव्हातल्या दुसऱ्या कशाचा असेल, फ्रुक्टॅनसारख्या साखरेचा, किंवा वेगळाच काही. मग तुम्हाला प्रत्येक चुऱ्याला घाबरत जगायचं कारण नाही. दोन्हींमध्ये किती फरक आहे बघा.

रातराणी

उद्याच जाते. मनापासून आभार.

गारवा

विद्यार्थ्यांसाठी लिहितो, कारण आपल्याकडची बरीच मुलं शिकायला बाहेर जातात आणि चार-पाच जणांत एक स्वयंपाकघर असतं. मी तसाच राहिलो, सिलिअ‍ॅकसकट.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगा. नंतर सांगितलं की ते तक्रारीसारखं वाटतं. मी एवढंच म्हणायचो: मला हा आजार आहे, चुरासुद्धा चालत नाही, तुम्ही तुमचं खाणं बदलू नका, फक्त माझ्या चार वस्तूंना हात लावू नका. त्या चार वस्तू म्हणजे टोस्टर, चाळणी, तवा आणि लाकडी चमचे. लोणी, जॅम, शेंगदाण्याचं लोणी यांच्या बरण्या वेगळ्या ठेवायच्या, त्यावर रंगीत पट्टी. पावाला लावलेली सुरी पुन्हा बरणीत गेली की बरणी संपली. माझं सामान कायम सगळ्यात वरच्या फळीवर असायचं, म्हणजे कुणाचं पीठ सांडलं तरी वरून खाली पडेल, खालून वर येणार नाही.

पास्ता उकळलेलं पाणी, तळणीचं तेल, सामायिक ग्रिल या तिन्हींत ग्लूटेन राहतं. उकळून किंवा तापवून ते जात नाही. ते जंतू नाही, प्रथिन आहे. हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही जात नाही. साबण, पाणी आणि घासणं. भांड्याचा स्पंजही वेगळा ठेवा.

उंबरठा

भाषेचं मी सांगते, कारण लिपीसुद्धा परकी असलेल्या देशात आम्ही राहिलो.

जाण्याआधी एका कागदावर हे शब्द त्या भाषेत लिहून काढा: गहू, बार्ली, राय, ओट्स, स्पेल्ट (गव्हाचाच एक प्रकार), माल्ट, रवा, मैदा, कोंडा, पावाचा चुरा, सोया सॉस. जमलं तर तिथल्या संघटनेच्या पानावरूनच घ्या, म्हणजे लेबलवर येतात तसेच शब्द मिळतात. मग दुकानात अर्थ लावत बसायचं नाही, आकार जुळवायचा. दोन-तीन आठवड्यांत डोळ्याला इतकी सवय होते की पाकीट फिरवल्यावर तो शब्द आपोआप पुढे येतो. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारी सोय उपयोगाची आहे, पण पहिली चाळण म्हणून. चकाकणारं पाकीट, बारीक अक्षरं, ओळ मोडून आलेला शब्द, यात ती चुकते. तिने ‘गहू’ म्हटलं तर ठेवून द्या. ती काही म्हणाली नाही, याचा अर्थ ‘चालेल’ असा घेऊ नका.

उलटीही फसगत होते. बकव्हीटमध्ये, म्हणजे कुट्टूमध्ये, गहू नाही, ते धान्यच वेगळं. चिकट तांदळाच्या इंग्रजी नावात ग्लूटेनसारखा शब्द आहे, पण त्यात ग्लूटेन नसतं. मात्र बकव्हीटच्या शेवयांत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. नावावरून ना घ्या, ना टाका. यादी वाचा.

आणि हॉटेलसाठी एक छापील कार्ड. त्या भाषेत चार ओळी: मला सिलिअ‍ॅक आहे, गहू, बार्ली, राय चालत नाही, सोया सॉस, रस्सा दाट करायला घातलेलं पीठ चालत नाही, वेगळं भांडं, स्वच्छ सुरी, ताजं तेल लागेल. कार्ड वाढणाऱ्याच्या हातात न ठेवता आत स्वयंपाक्यापर्यंत न्यायला सांगा. गर्दीच्या वेळेआधी गेलं की उत्तर शांतपणे मिळतं. समोरच्याने न विचारता, न बघता ‘हो हो, चालेल’ म्हटलं तर मी उठते. जो म्हणतो ‘थांबा, विचारून येतो’, त्याच्याकडे जेवते.

चांदणवेल

ओट्सचं कुणीतरी स्पष्ट सांगा. माझी चुलतबहीण युरोपात खुशाल खाते, ग्लूटेन-फ्री छापलेले. काळी शाई म्हणतात ऑस्ट्रेलियात चालत नाहीत. आजार एकच ना?

काळी शाई

आजार एकच, कायदे दोन. ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे, अ‍ॅव्हेनिन. बहुतेक सिलिअ‍ॅक लोकांना ते सोसतं, थोड्यांना नाही. साध्या ओट्सची खरी अडचण मिसळीची: शेतात, गाडीत, गिरणीत गहू-बार्ली त्यात येतातच. म्हणून युरोप-अमेरिकेत वेगळे पिकवलेले किंवा निवडलेले ओट्स तपासून ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकता येतात. ऑस्ट्रेलियाने त्या थोड्यांचा विचार करून दारच बंद ठेवलं. माझ्या नवऱ्याला चालतात. पण मी नव्या देशात पहिल्या महिन्यात ते घरात आणत नाही.

मृद्गंध

सहमत, आणि लहान मुलांसाठी तर नक्कीच. आधी सगळं स्थिर होऊ द्या, एक टीटीजी चांगली येऊ द्या, मग डॉक्टरांना विचारून ओट्स थोडे थोडे सुरू करा. नाहीतर त्रास झाला की ओट्समुळे झाला, की नव्या दुकानातल्या कशामुळे, ते कळायला मार्ग राहत नाही.

एक पोषणाचं. बऱ्याच देशांत गव्हाच्या पिठात लोह, ब जीवनसत्त्वं, फॉलिक अ‍ॅसिड घालतात. ग्लूटेनविरहित पाव-बिस्किटांत हे बहुधा नसतं, तंतूही कमी, आणि साखर-चरबी कित्येकदा जास्त. मुलं त्या खास कपाटातल्या पाकिटांवर वाढली तर वजन येतं, रक्त येत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, किन्वा, डाळी यांना रोजच्या खाण्यात धरा आणि नुसत्या तांदळावर राहू नका. तांदळात जमिनीतून आर्सेनिक येतं. धान्यं आलटून पालटून खाल्ली तर काळजीचं कारण नाही. पीठ मात्र सुटं घेऊ नका. एकच पळी सगळ्या डब्यांतून फिरते.

आभाळमाया

शाळेबद्दल. मी परदेशात प्राथमिक शाळेत शिकवते, दोन्ही बाजू बघते.

शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष भेटा. फक्त अर्जात ‘अ‍ॅलर्जी’च्या चौकटीत लिहून सोडू नका, कारण तो अर्ज कार्यालयात राहतो आणि वाढदिवसाचा केक वर्गात येतो. सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही, चुकून खाल्लं तर इंजेक्शन देऊन थांबवता येत नाही, लक्षणं तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी येतात, कधी येतही नाहीत आणि तरी आत इजा होते, हे सांगा. शिक्षकांना हे माहीत नसतं. कळलं की ते मनापासून सांभाळतात.

वर्गात एक डबा ठेवा, तिच्या आवडीच्या टिकाऊ खाऊचा. कुणाचा वाढदिवस निघाला की तिला तेव्हाच काहीतरी मिळतं, ती बघत बसत नाही. खेळायच्या मऊ रंगीत मातीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. नऊ वर्षांची मुलगी ती तोंडात घालणार नाही, पण खेळल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. धाकटं भावंड असेल तर बालवाडीत आवर्जून विचारा. मैद्याचे, मॅकरोनीचे हस्तकलेचे तासही आधी कळवायला सांगा.

आणि तिला स्वतःला बोलायला शिकवा. नव्या भाषेतलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य ‘यात गहू आहे का?’ हे असू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते इतक्या ठसक्यात विचारायला सुरुवात केली की महिन्याभरात सगळा वर्ग तिच्या वतीने विचारायला लागला.

सोनसळ

तयारीचं सगळ्यांनी लिहिलंय. मी लोकांबद्दल लिहिते, कारण मला जास्त दमवलं ते लोकांनी.

नव्या जागी माणसं जोडायची असतात, आणि माणसं जोडली जातात जेवताना. प्रत्येक आमंत्रणाला ‘मी खाणार नाही’ म्हणायचं, मग समजावायचं, मग ‘थोडंसं खाल्लं तर काय होतं?’ ऐकायचं. ‘हे हल्लीचं फॅड आहे’ असंही ऐकलं. एकदा शांतपणे सांगितलं की विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने गहू आणि या आजाराचा संबंध 1950 सालच्या प्रबंधात मांडलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 मध्ये, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, सगळा देश उपाशी होता, आणि त्याच काळात या आजाराची मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. हे ऐकल्यावर त्या घरातल्या आजींनी माझ्यासाठी वेगळं पातेलं बाजूला काढलं आणि प्रत्येक वेळी त्यातच शिजवलं. कुणी वाद घातला तर आता मी आजार समजावत नाही, ही गोष्ट सांगते.

पाऊलवाट, आमंत्रणं टाळू नका. आपणच आधी बोलवा. तुमच्या घरी सगळ्यांचं जेवण ग्लूटेनशिवायचं असेल आणि कुणाला काही वेगळं जाणवणार नाही. तिकडे जाताना सगळ्यांना पुरेल असा एक पदार्थ करून न्या आणि मुलीला सगळ्यात आधी वाढून घ्या, इतरांचे चमचे फिरायच्या आत.

पाऊलवाट

सगळ्यांचे किती आभार मानू. अहवाल, टीटीजी, पत्राचं भाषांतर, सगळं झालं आणि आम्ही पोचलो. दवबिंदू, तुमचं पातेलं आणि चाळणी पहिल्याच संध्याकाळी कामाला आली. इथल्या घरातल्या चाळणीच्या जाळीत खरंच पांढरं पीठ सुकून बसलं होतं.

उंबरठा, तुम्ही सांगितलेला कागद लेकीनेच तयार केला. प्रत्येक शब्दाला वेगळा रंग दिलाय, बार्लीला जांभळा. काल दुकानात ती मक्याच्या पोह्यांचं पाकीट घेऊन यादीवरून बोट फिरवत होती. सातव्या की आठव्या शब्दावर थांबली, कागद बघितला, पुन्हा पाकीट बघितलं आणि म्हणाली, ‘आई, जांभळा.’ माल्टच होतं. तिने ते फळीवर परत ठेवलं आणि पुढचं उचललं. ते निघालं चालण्यासारखं.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तिची खोकल्याची आणि तापाची औषधं इथे वेगळ्या कंपन्यांची आहेत, त्यांत ग्लूटेन असतं का? आणि पाकिटांवर ‘गव्हाचे अंश असू शकतात’ असं लिहिलेलं असतं, पण काहींवर काहीच नसतं. काहीच नसलेलं सुरक्षित समजायचं का?

काळी शाई

जांभळा! तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. ‘अंश असू शकतात’ हे वाक्य युरोप-अमेरिकेत आणि इतरही बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. एक कंपनी छापते, शेजारची त्याच परिस्थितीत छापत नाही. पीठ, धान्य, न्याहारीचे पदार्थ, मसाल्यांची मिश्रणं, बिस्किटं यांत धोका जास्त, म्हणून तिथे ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलंच घ्या. साधं दूध, तेल, गोठवलेले नुसते वाटाणे यांना ते शोधत बसायची गरज नाही. यादी साफ असली की पुरे. सवलतीच्या दरात कृती बदललेली नवी पाकिटं येतात, तेव्हा जुन्या ओळखीच्या मालाचीही यादी पुन्हा वाचा.

मृद्गंध

औषधांत ग्लूटेन क्वचित असतं आणि असलं तर गोळीतल्या गव्हाच्या स्टार्चमधून, तेही फार थोडं. युरोपीय संघात तसा स्टार्च असेल तर माहितीपत्रकात लिहावं लागतं. बाकी ठिकाणी औषधविक्रेत्याला निष्क्रिय घटकांत स्टार्च कशाचा आहे एवढं विचारा. मका किंवा बटाटा म्हणाला तर द्या. ताप चढलेला असताना मात्र या चौकशीपायी डोस चुकवू नका. नेहमी लागणारी दोन-तीन औषधं आत्ताच, ती बरी असताना, विचारून घरात आणून ठेवा. आणि नव्या डॉक्टरांकडे पहिली टीटीजी साधारण सहा महिन्यांनी करून घ्या, उंची-वजन दर तीन महिन्यांनी. आकडा निघतानापेक्षा वाढलेला दिसला तर इथे लिहा, आठवड्याभराचं खाणं टिपून पाठवा, एकेक पाकीट बघू.